ताग कोणता, रुई कोणती? : सीमाशुल्काच्या अनुसूचीत वनस्पतिज तंतूंची जागा

नाचणगावच्या शिवारातील एखाद्या जुन्या शेतकऱ्याला ‘ताग म्हणजे कोणता?’ असे विचारले, तर तो हिरवळीच्या खतासाठी पेरलेल्या, पिवळ्या फुलांच्या बोरूकडे बोट दाखवील. तोच प्रश्न शेजारच्या पुलगावात बारदानाचा व्यवहार करणाऱ्या आडत्याला केला, तर तो बंगालकडून येणाऱ्या पोत्यांच्या तंतूचे नाव घेईल. आणि शाळेच्या भूगोलात तर ताग पिकतो तो गंगेच्या मुखाकडल्या दलदलीच्या मुलखात. तिघेही आपापल्या जागी खरे आहेत, कारण मराठीने एकच शब्द दोन निराळ्या वनस्पतींना बहाल केला आहे. गावात बोलताना या उदारपणाने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु ज्या दिवशी आपला माल देशाबाहेर जाण्यासाठी, अथवा बाहेरचा माल आत येण्यासाठी, सीमाशुल्काच्या कचेरीपुढे कागदांच्या रूपाने उभा राहतो, त्या दिवशी तेथील अंमलदार नावाने समाधान पावत नाही. झाड कोणते, झाडाचा कोणता भाग, आणि त्यावर माणसाच्या हाताचे किंवा यंत्राचे संस्कार कुठवर झाले, एवढे तो विचारतो आणि त्याप्रमाणे मालाला एक अंक देतो. त्या अंकावर जकातीचा दर, निर्यातीची सवलत, आयातीचा निर्बंध आणि पुष्कळदा व्यापाऱ्याची शांत झोप अवलंबून असते.

हा लेख त्या अंकाच्या शोधात निघालेल्यांसाठी आहे. रेचे चालवणारे, खादीचे काम करणाऱ्या संस्था, अंबाडीचे दोर वळणारे बचत गट, आणि शहरात शिकून गावी परतल्यावर ‘आपल्याकडचे काही परदेशी पाठवता येईल का’ असा विचार करणारे तरुण, हे माझे वाचक आहेत असे मी धरून चालतो. वर्धा जिल्ह्यात या विषयाचे मूळ खोल आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाड व मध्यप्रांताकडे वळली; हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचे नाव विलायतेत पोहोचले, आणि सरकारने या प्रांतांसाठी कापसाचा स्वतंत्र कमिशनर नेमला, ते रिव्हेट-कार्नाक साहेब. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला, पुढे पुलगावाहून आर्वीपर्यंत नॅरोगेजची छोटी गाडी आली, आणि नाचणगावच्या बैलगाड्यांना मुंबईच्या वखारीचा रस्ता जवळचा झाला. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडाकडच्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. ते उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे, इंग्रजी जिभेवर घासून उरलेले रूप होय. गमतीची गोष्ट अशी की हे नाव अलीकडच्या काळापर्यंत भारतीय अनुसूचीत आखूड धाग्याच्या देशी कापसाचे उदाहरण म्हणून छापलेले असे. आपल्या प्रदेशाचे नाव जकातीच्या पुस्तकात होते आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक होते.

वर्गीकरणाची धार किती तीक्ष्ण असते, हेही याच इतिहासाने शिकवले आहे. १८९४ मध्ये आयात मालावर जकात बसली, तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी हिंदी गिरण्यांच्या वीस नंबरावरील सुतावरही तितकाच उत्पादनकर लादण्यात आला. सूत एकोणीस नंबरचे असेल तर मोकळे आणि एकवीसचे असेल तर दस्तास पात्र! १८९६ मध्ये ही रचना बदलून गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के कर आला, आणि तो रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. हिंगणघाट, पुलगाव, नागपूर येथल्या गिरण्यांनी तो सोसला. त्या काळी अन्याय्य धोरणासाठी वापरलेली ती नंबरांची रेघ आज धोरणाने निराळी झाली असली, तरी रेघ मारण्याची पद्धत तीच आहे.

आजची पद्धत अशी. १९८३ च्या जूनमध्ये ब्रुसेल्स येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला, १९८८ च्या १ जानेवारीपासून तो अमलात आला, आणि त्यातून जगातील व्यापारी जिन्नसांची एक सामाईक सूची तयार झाली. तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम असे म्हणतात. आपल्याकडे व्यापारी तिला ‘एचएस कोड’ किंवा ‘एचएसएन’ एवढ्यावरच भागवतो. पहिले दोन अंक प्रकरणाचे, पुढचे दोन शीर्षाचे, आणखी दोन उपशीर्षाचे. हे सहा अंक सर्व सभासद देशांत समान असतात. त्यापुढील दोन अंक भारताने १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाच्या अनुसूचीत आपल्या गरजेप्रमाणे जोडले आहेत. म्हणून नाचणगावच्या निर्यातदाराने लिहिलेले पहिले सहा अंक हॅम्बर्गच्या आयातदाराच्या कागदावर जसेच्या तसे उतरावयास हवेत, आणि ते न उतरले तर दोघांपैकी एकाने चूक केली आहे असे समजावे. वस्तू व सेवाकराच्या पावतीवर छापला जाणारा अंकही याच घराण्यातला. तेव्हा गावच्या गावात सरकी विकणाऱ्यालाही या विद्येपासून सर्वस्वी सुटका नाही.

सूचीचा प्रथम वाचक हमखास एक चूक करतो, ती म्हणजे शीर्षकांवरून अंदाज बांधण्याची. विभागांची व प्रकरणांची शीर्षके केवळ सोयीसाठी असतात. निर्णय होतो तो शीर्षांच्या शब्दांनी आणि विभागाच्या व प्रकरणाच्या आरंभी दिलेल्या टिपांनी, असे सूचीचा पहिला नियमच सांगतो. टिपा कंटाळवाण्या असतात हे मी नाकारीत नाही. परंतु दस्तऐवजाची शर्त न वाचता अंगठा उठवणाऱ्याची जी गत होते, तीच टिपा न वाचता अंक लिहिणाऱ्याची होते.

आता कापसाकडे येऊ, कारण आपल्या भागात बाकी सर्व तंतू त्याच्यामागून येतात. आपली बोली येथे सूचीइतकीच, किंबहुना अधिक, काटेकोर आहे: झाडावर असते ती पऱ्हाटी, बोंडातून वेचून घरी येतो तो कापूस, रेच्यातून निघते ती रुई, आणि मागे उरते ती सरकी. इंग्रजीत पहिल्या तीन गोष्टींना एकाच शब्दाने हाकारतात. सूचीत पिंजलेला किंवा विंचरलेला नसेल असा कापूस, मग तो बोंडातून वेचलेला सरकीसह असो की रेच्यातून काढलेली रुई असो, ५२०१ या शीर्षात जातो. भारतीय अनुसूची त्याचे पुढे धाग्याच्या लांबीप्रमाणे पोटभाग पाडते. लांबी मिलिमीटरात मोजली जाते आणि तिचा पैशाशी थेट संबंध असतो. २०२१ च्या अर्थसंकल्पाने आयात कापसावर सर्व मिळून ११ टक्के भार आला. पुढे २०२२ च्या एप्रिल ते ऑक्टोबर आणि २०२५ च्या १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत तो उठवला गेला. मधल्या काळात, २०२४ च्या फेब्रुवारीत, केवळ ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसाला माफी मिळाली. आपल्या पुलगावच्या बाजारातील भावाचे बोलणे करताना शेतकरी या अधिसूचनांचा उल्लेख रागाने करतो, आणि त्याच्या रागाला कारण आहे. पण माफीची कक्षा नेमकी कोणत्या आठ अंकांवर पडली आहे हे जो पाहतो, त्याचा राग तरी योग्य ठिकाणी पोहोचतो.

हीच रुई पिंजून तिचे पेळू केले की ती ५२०३ मध्ये सरकते. सूत कातले की ५२०५ अथवा ५२०६ मध्ये, शिवणाचा दोरा असेल तर ५२०४ मध्ये. येथे चरख्यावर कातणाऱ्यांना उपयोगी पडेल असा एक बारकावा आहे. किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या कापसाच्या सुतासाठी ५२०७ हे निराळे शीर्ष असून, लडी किंवा गुंडी १२५ ग्रॅमच्या आत असेल तर माल तिकडे जातो असे वरवर दिसते. परंतु विभागाच्या टिपेने एकेरी सुताला त्यातून वगळले आहे, लोकरीच्या काही सुतांचा अपवाद सोडून. म्हणजे सेवाग्राम पाहायला आलेल्या पाहुण्यासाठी एखादी संस्था चरख्याचे एकेरी सूत कितीही नजाकतीने, रंगीत कागदात गुंडाळून, पन्नास ग्रॅमच्या गुंडीत विकू लागली, तरी सूची त्याला गिरणीच्या सुताशेजारी ५२०५ मध्येच बसवते. कापडाच्या बाबतीत दोन मोजमापे लक्षात ठेवावीत: कापसाचे प्रमाण वजनाने ८५ टक्के किंवा अधिक आहे काय, आणि चौरस मीटरला वजन २०० ग्रॅमच्या आत आहे की बाहेर. आत असेल तर ५२०८, बाहेर असेल तर ५२०९. खादीचे जाड कापड आणि बारीक कापड एकाच मागावरून उतरले तरी त्यांचे शीर्ष वेगळे होते, हे पाहून विणकराला नवल वाटते. पण तराजूला नवल वाटत नाही.

कापसाच्या झाडाचा सर्व संसार मात्र बावन्नाव्या प्रकरणात मावत नाही. सरकी तेलबियांत, १२०७ मध्ये. तिचे तेल १५१२ मध्ये. आणि गुरांना घालावयाची ढेप २३०६ मध्ये. सर्वांत फसवी बाब म्हणजे सरकीला चिकटून राहिलेली आखूड लव, जिला गिरणीत लिंटर म्हणतात. दिसायला ती कापूसच, स्पर्शाला कापूसच, पण तिचे तंतू इतके आखूड, बहुधा पाच मिलिमीटरच्याही आत, की त्यांचे सूत कातता येत नाही. म्हणून सूची तिला वस्त्रोद्योगाच्या विभागातून बाहेर काढून चौदाव्या प्रकरणात, १४०४ २० या उपशीर्षात, इतर वनस्पतिज पदार्थांच्या पंगतीत बसवते. याच लवेपासून नायट्रोसेल्युलोज होते आणि त्यापासून बंदुकीची निर्धूर दारू. पुलगावच्या दारूगोळ्याच्या मोठ्या भांडारात आणि नाचणगावच्या सरकीत हे दूरचे नाते आहे, एवढे जाता जाता नोंदवतो. औषधी कापूस म्हणून पाकिटात बांधून विकला जाणारा माल आणखी तिसरीकडे, औषधांच्या ३००५ मध्ये, जातो.

रुई या शब्दाचीही एक खोड आहे. मारुतीला आपण ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, त्या रुईच्या शेंगांतूनही पांढरा, रेशमासारखा कापूस उडतो, आणि काटेसावरीच्या बोंडांतूनही. उशा भरायला तो वापरतात. हा सर्व भरणीचा कापूस, परदेशातून येणाऱ्या कॅपॉकसह, १४०४ मध्येच. बावन्नावे प्रकरण केवळ कपाशीच्या वंशाचे आहे. कोणी त्यावर प्रक्रिया करून तो केवळ कताईच्याच उपयोगाचा बनवला, तर चौदाव्या प्रकरणाची टीपच त्याला वस्त्रविभागाकडे रवाना करते. झाडाच्या जातीने सुरुवात होते खरी, पण उपयोगासाठी केलेल्या संस्काराने तिचा शेवट बदलू शकतो, हे या दोन्ही उदाहरणांतून ध्यानात यावे.

आता आरंभी टाकून दिलेल्या ताग-अंबाडीच्या गुंत्याकडे वळतो. आपल्या भागात कपाशीच्या कडेकडेने अंबाडी लावण्याची चाल होती. पाने भाजीला आणि ताटे नाल्याच्या पाण्यात भिजत घालून सडवायची, सोलायची, वाख धुऊन वाळवायचा आणि पोळ्याच्या आधी घरच्या घरी कासरे व दोर वळायचे, असा तिचा वार्षिक क्रम असे. बोरूचाही वाख असाच निघे. या दोन्ही वनस्पतींवर इंग्रजीने मोठाच अन्याय केला आहे. अंबाडीला इंग्रजी व्यापाऱ्यांनी डेक्कन हेम्प, बॉम्बे हेम्प, बिमलीपट्टम ज्यूट अशी नावे दिली. बोरूला सन हेम्प म्हटले. फिलिपाइन्समधल्या केळीच्या जातीच्या आबाकाला मनिला हेम्प, आणि घायपाताच्या एका जातीला सिसल हेम्प. यांपैकी एकही हेम्प नाही. खरा हेम्प म्हणजे भांगेच्या झाडाचा वाख, आणि सूचीने त्याच्यासाठी ५३०२ हे शीर्ष राखून ठेवताना ‘खरा’ हे विशेषण मुद्दाम वापरले आहे. इंग्रजांनी शतकभर केलेल्या शाब्दिक गोंधळाची ही जणू कबुलीच आहे.

मग आपला माल कोठे बसतो? झाडाच्या सालीखालील तंतूंपैकी जवसाचा वाख ५३०१ मध्ये, भांगेचा ५३०२ मध्ये, आणि या दोहोंना व रॅमी नावाच्या तंतूला वगळून उरलेले सर्व सालीचे तंतू, म्हणजे बंगालचा ताग, आपला बोरू आणि आपली अंबाडी, ५३०३ मध्ये. मराठीने बोरूला आणि ज्यूटला एकच नाव देऊन जी चूक केल्यासारखी वाटत होती, ती चार अंकांपर्यंत सूचीनेही केली आहे. पुढे आठ अंकांवर मात्र भारतीय अनुसूची ज्यूटला निराळे काढते, तेव्हा मराठी उदारपणा तेथे थांबवावा. याउलट इंग्रजी नावावर विसंबून कोणी अंबाडीला ‘हेम्प’ म्हणून ५३०२ मध्ये टाकले, तर ती चूक शीर्षाचीच झाली. शिवाय भांगेच्या झाडाशी निगडित असलेल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या सावलीत एक निरुपद्रवी दोर विनाकारण जाऊन बसतो आणि कचेरीतून खुलाशाचा तगादा सुरू होतो. यात भर म्हणजे अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस असे असून त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘भांगेसारखी’ असा होतो! म्हणून मालाच्या वर्णनात शास्त्रीय नाव लिहावेच, पण पूर्ण लिहावे, आणि त्यापुढे ‘सालीचा तंतू, भांग नव्हे, शीर्ष ५३०३’ अशी साध्या भाषेतली ओळ जोडण्यास संकोच करू नये. बोरूसाठी क्रोटॅलॅरिया जन्सिया, बंगालच्या तागासाठी कॉर्कोरस, एवढी दोन नावे आणखी वहीत टिपून ठेवावीत. बांगलादेश व नेपाळ येथून येणाऱ्या तागाच्या सुतावर, गोणपाटावर व पोत्यांवर २०१७ च्या जानेवारीपासून प्रतिपाटण शुल्क बसलेले होते. अशा वेळी ‘ताग’ हा शब्द कोणत्या अर्थाने लिहिला गेला, यावर आयातदाराच्या खिशातील रक्कम ठरू शकते.

जवसाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण या पिकाची आपल्याकडे उपेक्षा झाली आहे. वर्धा-नागपूरकडचे रब्बीचे जवस आणि युरोपातील लिनन ज्याचे होते ते फ्लॅक्स ही एकच जाती आहे, लायनम युसिटॅटिसिमम. आपण ते बियांसाठी पेरतो, म्हणून आपल्या वाणांची ताटे बुटकी व फांद्यांची. तिकडे तंतूसाठी उंच, सरळ वाण दाट पेरतात. सूची हा भेद मानीत नाही. आपल्या जवसाच्या ताटातून निघालेला भरडा वाख आणि बेल्जियमचा मऊ वाख यांना ५३०१ मध्ये शेजारी जागा मिळते. कच्चा किंवा सडवलेला, आणि झोडपून साल वेगळी केलेला, एवढाच भेद उपशीर्षात होतो. बी १२०४ मध्ये, तेल १५१५ मध्ये. जवसाचा तंतू की भांगेचा, अशी शंका पडली तर एक जुनी परीक्षा आहे: ओला करून सुटा तंतू वाळू दिला, तर त्याचे टोक आपल्याकडे धरलेले असताना जवसाचा तंतू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पीळ घेतो आणि भांगेचा उलट दिशेने. ही परीक्षा घरच्या समाधानापुरती. कचेरीत प्रयोगशाळेचा दाखलाच चालतो.

उरलेले तंतू थोडक्यात. नारळाचा काथ्या, आबाका, रॅमी, घायपाताचा वाख, अननसाच्या पानांचा धागा, आणि जळगावकडे केळीच्या सोपटांपासून काढला जाणारा धागा हे सर्व ५३०५ मध्ये. घायपातासाठी पूर्वी ५३०४ हे स्वतंत्र शीर्ष होते, ते २००७ च्या आवृत्तीत मोडीत निघाले; एखाद्या जुन्या पावतीवर तो अंक आढळल्यास तो तसाच उतरवू नये.

तंतूचे सूत होते आणि सुताचा दोर. मात्र सूत कोठे संपते आणि दोर कोठे सुरू होतो, हा प्रश्न अंबाडीच्या कामात नित्याचा आहे. सूचीचे उत्तर वजनात आहे. तिथे डेसिटेक्स हे माप वापरतात, म्हणजे दहा हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. आणि अंबाडी, ताग, घायपात यांच्यासाठी वीस हजार डेसिटेक्स ही सीमा ठरली आहे. गणित सोडवले तर असे निघते की एक मीटर सुतळीचे वजन दोन ग्रॅमहून अधिक भरले तर ती ५६०७ मधील दोरी, आणि कमी भरले तर सूत: अंबाडीचे ५३०७, घायपाताचे ५३०८. सराफाचा छोटा काटा आणि एक मीटरची पट्टी एवढ्यावर हा निर्णय घरी होतो. दहा मीटर मोजून वजन करावे, म्हणजे चूक कमी होते. जवस व भांग यांच्या झिलईदार धाग्याला ही सीमा फार खाली, १,४२९ डेसिटेक्सवर, येते. काथ्याच्या बाबतीत वजन पाहायचेच नाही, पदर मोजायचे: तीन किंवा अधिक पदरांचा सुंभ हा दोर, त्याखालचा सूत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. सूचीला मात्र पिळापेक्षा पदरांचे महत्त्व अधिक. आणि वेणीसारखा घट्ट गोफलेला दोर असेल, तर वजन न पाहता तो ५६०७ मध्ये घालावा.

दोराची वस्तू झाली की पुन्हा निराळी वाट. पोळ्याच्या बाजारात मांडलेले अंबाडीचे कासरे, वेसणी आणि मुस्क्या पाहून कोणीही त्यांना दोराचे जिन्नस म्हणेल; परंतु जनावरांचा साज, मग तो कोणत्याही पदार्थाचा असो, सूचीने ४२०१ मध्ये खोगिरांच्या शेजारी ठेवला आहे, आणि तेथे मुस्कीचा उल्लेख स्पष्ट आहे. तसेच धान्य भरण्याचे पोते ६३०५ मध्ये, पण त्याच गोणपाटाची, बंद लावून शिवलेली बाजाराची टिकाऊ पिशवी ४२०२ मध्ये, सामानाच्या पेट्यांच्या व पाकिटांच्या संगतीत. हातमागाची सतरंजी ५७०२ मध्ये. बचत गटांनी या तीन उदाहरणांची विशेष दखल घ्यावी, कारण ‘सगळे तागाचेच आहे’ म्हणून एकाच अंकाखाली सर्व माल पाठवण्याची चूक मी वारंवार पाहिली आहे.

मिश्र कापडासाठी विभागाची दुसरी टीप वाचावी. ती न वाचता केलेला अंदाज बहुधा चुकतो. समजा एखाद्या कापडात वजनाने ४० टक्के कापूस, ३५ टक्के अंबाडी आणि २५ टक्के जवस आहे. कापूस सर्वांत अधिक, म्हणून प्रकरण बावन्न, असे सहज वाटते. परंतु टीप सांगते की प्रथम प्रकरण ठरवा: अंबाडी व जवस दोन्ही त्रेपन्नाव्या प्रकरणातील, त्यांची बेरीज ६० टक्के, तेव्हा प्रकरण त्रेपन्न, मग कापूस विसरून जा आणि त्या प्रकरणातल्या दोघांत वरचढ कोण ते पाहा. अंबाडी. म्हणून शीर्ष ५३१०. दोन तंतू अगदी समसमान असतील, तर अंकक्रमाने शेवटी येणारे शीर्ष घ्यावे. वजनाचा हिशेब विणल्यानंतरच्या कापडाचा करावा. मागावर चढवलेल्या सुताच्या पावत्यांवरून काढलेले प्रमाण प्रत्यक्षात दोन-चार टक्क्यांनी सरकते, आणि सीमेवरच्या मालाला तेवढे सरकणे पुरते.

‘बांबूचे कापड’ म्हणून जे मऊ वस्त्र आजकाल विकले जाते, त्याविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूमुळे आपल्याकडील अनेक तरुणांना या धंद्याचे आकर्षण आहे. बांबू चिरून, कुटून, सडवून यांत्रिक रीतीने तंतू काढला असेल तर तो वनस्पतिज तंतू, ५३०५. परंतु बाजारातील बहुतेक बांबूचे कापड हे लगदा रसायनात विरघळवून पुन्हा धाग्याच्या रूपाने ओढलेले व्हिस्कोज असते, आणि ते सूचीच्या दृष्टीने मानवनिर्मित तंतूंच्या चोपन्न-पंचावन्न प्रकरणांत जाते. झाड खरे, पण रसायनाच्या हौदात त्याचे झाडपण संपले. जाहिरातीत ‘नैसर्गिक’ लिहिणारा व्यापारी कागदावर ५३०५ लिहून बसला, तर परीक्षणात तो टिकणार नाही. विकत घेतलेल्या धाग्याची प्रक्रिया पुरवठादाराकडून लेखी मागून घ्यावी.

कागदपत्रांबाबत माझा सल्ला साधा आहे. २०११ पासून आपल्या मालाचे शीर्ष व दर प्रथम आपणच ठरवून दाखल करावयाचे, अशी स्वयंनिर्धारणाची रीत सीमाशुल्कात आली. अंमलदार नंतर तपासतो. म्हणजे चुकीची जबाबदारी प्रथम आपली. दलालाने सांगितलेला अंक डोळे मिटून स्वीकारू नये. तो कोणत्या शीर्षाच्या शब्दांवर व कोणत्या टिपेवर आधारलेला आहे, हे त्याला विचारावे, आणि उत्तर देता आले नाही तर दुसरा दलाल पाहावा. मालाचा एक नमुना, शास्त्रीय नाव, झाडाचा भाग, प्रक्रियेची चार ओळींत कैफियत, मीटरचे किंवा चौरस मीटरचे वजन, आणि मिश्रण असल्यास टेक्स्टाइल्स कमिटीच्या वा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला, एवढे एका पाकिटात घालून जपावे. निर्यातीच्या पावतीवर आठही अंक लिहावे लागतात; देशांतर्गत व्यापाऱ्यांमधील पावतीवर पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्याला चार, त्यावर सहा.

माल नवा असेल, रक्कम मोठी असेल आणि दोन शीर्षांत खरोखरच संशय असेल, तर माल जहाजावर चढण्याआधीच मुंबई येथील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मिळालेला निर्णय अर्जदारावर व संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो आणि कायदा वा वस्तुस्थिती बदलली नाही तर तीन वर्षे चालतो. अर्जात वस्तुस्थिती अर्धवट सांगून मिळवलेला निर्णय रद्द होऊ शकतो, तेव्हा तेथे वकिली चातुर्यापेक्षा अंबाडी कोठे भिजवली आणि किती दिवस, हे खरे सांगणे अधिक कामाचे. सूची दर पाच-सहा वर्षांनी बदलते. चालू आवृत्ती २०२२ ची असून पुढची २०२८ च्या १ जानेवारीपासून येत आहे. त्या दिवशी पाकिटावरचा जुना अंक खोडून, शीर्षाचे नवे शब्द पुन्हा एकदा वाचून, मगच नवा लिहावा.